चार नंबरचा बेड तयार होता

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी साताऱ्यातल्या एका डायलिसिस केंद्रात चार नंबरच्या बेडचा पुकारा थांबला. बारा पन्नासपर्यंत तो थांबलेला होता. पुकाऱ्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि त्या वेळात मी त्याच हॉलमध्ये बसलो होतो.

मी सांगलीहून पहाटेच्या एसटीने आलो होतो, ते दुसऱ्याच कामाला. रिपोर्ट छापणारा प्रिंटर अधूनमधून कोरे कागद काढत होता. प्रोग्रॅमिंग शिकण्याआधी मी सहा वर्षं एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. दिसलं ते टिपून ठेवायची सवय तेव्हाची आहे. त्या दिवशी मात्र समोरची भिंत मी पाहिली नाही.

त्या भिंतीवरच्या स्क्रीनवर बेडचा आणि पेशंटचा नंबर येतो, तोच पुकारा. समोरच्या खुर्चीत उंब्रजचे एक निवृत्त सुभेदार बसले होते, शेजारी त्यांची बायको. त्यांचा नंबर सतरा, बेड चार, वेळ दहाची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. कऱ्हाडला जागा नव्हती म्हणून ते साताऱ्याला यायचे. पाय सुजलेले होते. चपलेचा पट्टा त्यांनी सोडून ठेवला होता.

साडेअकराच्या सुमारास बायको म्हणाली, "आवं, इचारून या की आत. दारातनं बेड मोकळा दिसतोय."

"नंबर पडला न्हाई अजून."

"बाकीच्यांचं पडत्यात, तुमचाच कसा पडंना?"

"पडंल तवा उठायचं. आपुन घुसलो की दुसऱ्याचा खोळंबा."

"पलटण सोडून बारा वर्सं झाली. पलटणीनं तुमास्नी काय सोडलं न्हाई."

ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब, तुमचं यंत्र झोपलं का काय?"

मी प्रिंटरवरून मान वर न करता म्हणालो, "नाही काका. मशीन धुणं चाललं असेल. येईल नंबर."

"बघ," ते बायकोला म्हणाले, "सायेब म्हणत्यात येतोय."

तिने पुन्हा विचारलं नाही.

बारा पन्नासला सिस्टर बाहेर आल्या. बेड तयार झाल्याचं बटण त्यांनी दहा बारालाच दाबलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका पेशंटचा रक्तदाब उतरला आणि त्या तिकडे अडकल्या. चार नंबरचा माणूस आलाच नसेल, असं त्यांनी धरलं होतं. "बाबा, तुम्ही इथंच?" त्या म्हणाल्या.

"व्हय. नंबर न्हाई पडला."

दोन वाजता त्या बेडवर दुसऱ्या पेशंटची वेळ होती, इतर बेड भरलेले होते. सुभेदारांना एक तास आणि थोडी मिनिटं मिळाली. रविवारी केंद्र बंद. डॉक्टरांनी सोमवारी दहाला बोलावलं आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं.

तोवर मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला होता. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बेडसाठी दोन थ्रेड होते, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक थ्रेड सिस्टरच्या बटणाकडे लक्ष ठेवायचा आणि बेड तयार झाला की सिग्नल द्यायचा. दुसरा पुकारा करायचा. तो आधी बेड तयार आहे का ते बघायचा. नसला तर सिग्नल येईपर्यंत झोपायचा. या झोपण्या-उठवण्याच्या सोयीला कंडिशन व्हेरिएबल म्हणतात. तिला स्मरण नसतं. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा होते तेव्हा आपण तिथे नसलो, तर ती आपल्यासाठी परत होत नाही. सिग्नल दिला तेव्हा कोणी झोपलेलं नसेल, तर तो वाया जातो.

म्हणून बघणं आणि झोपणं एकाच लॉकखाली करायचं असतं, मधे कोणी शिरू नये म्हणून. आणि उठल्यावर सिग्नलवर विसंबायचं नसतं, बेड पुन्हा डोळ्यांनी बघायचा असतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये बघणं लॉकच्या बाहेर होतं. हा नियम मला माहीत होता. चाचणीत एकदाही अडकलं नाही, म्हणून मी ते तसंच ठेवलं होतं. दहा बाराला पुकारणाऱ्याने पाहिलं तेव्हा बेड तयार नव्हता. तो झोपायच्या आत बटण दाबलं गेलं. सिग्नल गेला, मग तो झोपला. लॉगमध्ये दोन्ही नोंदी एकाच सेकंदातल्या होत्या.

दुरुस्ती चार ओळींची होती. अडीच वाजता ती झाली. त्याच बैठकीत मी आणखी एक सोय घातली: पेशंट बेडवर आल्याची नोंद झाली नाही, तर दर पाच मिनिटांनी पुन्हा पुकारा.

स्टँडवर ते दोघं मला दिसले. कऱ्हाड गाडीची वाट बघत होते. मी दुसऱ्या फलाटावर गेलो. त्यांना काही सांगितलं नाही, नंतर सांगायची वेळ आली नाही.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं. सुभेदारांचं हृदय आधीच कमजोर होतं, ते म्हणाले. कशामुळे झालं ते सांगता येणार नाही. मी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आलं. चूक तुमची, असं मला कोणी म्हणालं नाही. केंद्राला पाठवलेल्या पत्रात मी 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं. बातमीदार असताना हे शब्द मी बातमीतून कापत असे.

सोमवारी दुरुस्ती तपासायला मी पुन्हा हॉलमध्ये होतो. दहा वाजता स्क्रीनवर बेड चार, नंबर सतरा आला. दहा पाचला पुन्हा आला. दहा दहाला पुन्हा. दहा अडतीसला उंब्रजहून फोन आला. रविवारी दुपारी सुभेदारांना धाप लागली होती. जीपमधून कऱ्हाडला नेताना वाटेत ते गेले.

दहा चाळीसला नंबर सतरा पुन्हा पुकारला गेला. दहा एकेचाळीसला सिस्टरने तो यादीतून काढला.