आधी मी चढतो

"जगाला वर नेऊन सोडता आणि मी आपली रोज चार जिने पायी चढते! धापा टाकत वर आलं की घरात माणूसच नाही. लग्न कुणाशी लागलंय माझं, तुमच्याशी की त्या लोखंडी पेटीशी?"

भिंती पातळ असल्या की शेजाऱ्यांना कान लावावे लागत नाहीत, उलट झाकावे लागतात. शेजारच्या म्हातारीने तर तेही केलं नाही. खोटं कशाला बोला, हातातलं काम बाजूला ठेवून तिने सगळं भांडण ऐकलं. बोलणारी होती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची बायको. तो बिचारा मधूनच एवढंच म्हणायचा, "अगं, आधी मी चढून बघितल्याशिवाय लोकांना कसं चढवू?"

माणसाला एकेक खोड असते, ह्याची ही होती. बाकीचे कारागीर दोन स्क्रू पिळून चहाला पळायचे. हा मात्र दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून एकटा वर जायचा, प्रत्येक मजल्यावर थांबून उंबऱ्याला पाय लावून पातळी जुळली का बघायचा, तसाच खाली यायचा. मग वजन हवं म्हणून तिथल्या रखवालदाराला आत घालून पुन्हा एक फेरी. तोवर लिफ्टला 'बंद'ची पाटी. बिल्डिंगीतली पोरं त्याला 'वरखाली काका' म्हणायची.

त्या दिवशीच्या भांडणाला कारण होतं. साहेबांनी त्याला खुर्ची देऊ केली होती. काम तरण्या पोरांनी करायचं, ह्याने सही करायची आणि दिवसाउजेडी घरी जायचं.

"न बघता सही?" ह्याने विचारलं होतं.

"मग काय, एकेका लिफ्टची नाडी बघत बसणार?" साहेब हसले होते.

"घ्या ती खुर्ची," बायकोचा आवाज आता खाली आला होता. "पोरगी तुमच्यापेक्षा खुंटीवरच्या तुमच्या शर्टाला जास्त ओळखते. संध्याकाळी एक घास बरोबर खावा, एवढंच मागते मी. राजवाडा मागितलाय का?"

भिंतीपलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "घेतो."

सुरुवातीला सगळं छान झालं. वरखाली काका दिवस मावळायच्या आत घरी. बायको दारात उभी राहायला लागली. पण पुढे पुन्हा उशीर व्हायला लागला, आणि पहिल्यापेक्षा जास्त. ताटावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा.

"खुर्ची चिकटली की काय अंगाला?" बायको विचारायची.

"असतात कामं," तो म्हणायचा.

बाईच्या मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी एका संध्याकाळी डोक्यावरून पदर घेऊन ती त्याच्या ऑफिसबाहेर उभी राहिली आणि त्याच्या मागोमाग गेली. तो एका उंच बिल्डिंगीत शिरला, लिफ्टमध्ये चढला, वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. ना कुणी बरोबर, ना कुणी भेटायला. दार उघडलं तेव्हा ती समोरच उभी होती.

"तू?"

"मी! आणि हे काय चाललंय?"

चोरी पकडल्यासारखा तो पुटपुटला, "ही माझ्या सहीची आहे गं. पोरांनी दुरुस्त केली, मी बघितली नव्हती. झोप लागेना."

म्हणजे दिवसभर सह्या करायच्या आणि संध्याकाळी त्याच सहीच्या लिफ्टांतून फिरत बसायचं! दोन डगरींवर पाय ठेवला तरी माणूस फाटतो, हा तिसऱ्या डगरीवरही उभा होता. तिला आधी हसू फुटलं, मग संताप आला, मग ती जिन्याच्या पायरीवर बसली. "म्हणजे भांडून भांडून मीच तुम्हाला आणखी लांब घालवलं."

"हे बघ," तो म्हणाला, "ही मजल्याच्या चार बोटं खाली थांबतेय."

तेवढ्यात काठी टेकत एक आजी आली आणि उघड्या दाराकडे वळली. पाय पुढे पडणार, तोच बायकोने तिचा दंड धरला. वाळक्या काडीसारखा होता तो हात. त्याने 'बंद'ची पाटी लावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो घरी आला आणि चपला न काढताच दारात टेकला.

"साहेब म्हणतात, चार बोटांसाठी बिल्डिंग अडवू नका. पोरं येतील तेव्हा येतील, तोवर चालू ठेवा. पाटी काढा, नाहीतर खुर्ची सोडा."

 खुर्ची म्हणजे पोरीचं कॉलेज, लिफ्ट असलेलं घर, बायकोच्या गुडघ्यांना आराम. सगळं तिने डोळ्यांसमोरून एकदा फिरवलं. पण बोटांना अजून तो हडकुळा दंड लागत होता.

"राहू दे पाटी," ती म्हणाली. "पण एक सांगते. ह्यापुढे तुम्ही असाल तिथे मी डबा घेऊन येणार. इथे वाट बघत बसायचा दम नाही राहिला माझ्यात."

खुर्ची गेली ती गेलीच. कालची पोरं त्याचे साहेब झाली. लिफ्टचं घर काही झालं नाही. संध्याकाळी बायको डबा घेऊन निघायची आणि परक्या बिल्डिंगींच्या पायऱ्यांवर दोघं जेवायची. पोरगी कधी यायची, पुस्तक मांडीवर घेऊन फुरंगटून बसायची. "बाबा, मैत्रिणी विचारतात, तुमचं घर कुठल्या जिन्यावर आहे?" बाप हसायचा. त्या हसण्यातही दमणूक असायची. आई तर हसायचीच नाही, पाय चेपत बसायची. पण एक घास बरोबर व्हायचा.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात त्याच्यासाठी चहा ठेवला होता. तो निवत राहिला. हा एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करत होता. बायको नेहमीसारखी डबा घेऊन आली.

"आज तरी सोडा. उद्यापासून ती अडकली तरी तुमची नाही."

"चालू होईपर्यंत माझीच," तो म्हणाला आणि एकटा वर गेला. मजल्यामजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. तो खाली आला. रखवालदार जागेवर नव्हता.

"वजन हवंय ना?" ती डब्यासकट आत शिरली. "दाबा."

दोघं वर गेली, खाली आली. त्याने उंबऱ्याला पाय लावून बघितलं.

"बरोबर?"

"बरोबर."

त्याने पाटी काढून काखेत धरली आणि दोघं पायरीवर जेवायला बसली.