अकरावं मत

गल्लीत त्याला सगळे एजंट म्हणत. नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, हा विमा उतरवणारा असेल, म्हणून ते त्याला टाळत. खरं तर तो फोटोंना फ्रेम करून देणारा कारागीर. पण गेल्या सात निवडणुका शाळेतल्या मतदान केंद्रावर हरणाऱ्या पक्षाचा प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट, म्हणून दिवसभर बाकावर बसणारा तो एकटाच, त्यामुळे ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

भाग साहेबांचा. आधी साहेबांचे वडील, मग साहेब, आता साहेबांची सून. दर निवडणुकीला कुणीतरी वार्ताहर दुकानाच्या पायरीशी येई आणि विचारी, "काय, यंदा बालेकिल्ला ढासळणार का?" एजंट काचेवर हिऱ्याची कलम फिरवत म्हणे, "ढासळेल की." दुसऱ्या दिवशी छापून येई, विरोधकांना विजयाची खात्री. निकालाच्या दिवशी बालेकिल्ल्याची वीटही हललेली नसे. गंमत म्हणजे घराघरांतल्या भिंतींवर जे साहेबांचे फोटो लटकत होते, ते एजंटच्याच दुकानातून फ्रेम होऊन गेलेले. कोपरे इतके नेमके जुळवलेले की सांधा बोटाला लागू नये. विरोधक असलो म्हणून काय झालं, काम वाकडं करायचं नाही, हा त्याचा हट्ट होता.

त्याची एक वही होती. केंद्रावर सातशेच्या आसपास मतं पडत. त्यातली आपल्या पक्षाला किती पडणार ते तो आधीच लिहून ठेवी. अंदाज नाही हं, नावं! "आमचं मत तुम्हालाच" असं हसून सांगणारे पुष्कळ होते, त्यांना तो खिजगणतीत धरत नसे. वही सुरू केली तेव्हा एकोणीस नावं होती. मग कुणी वारलं, कुणी मुलाकडे राहायला गेलं, एका निवृत्त पोस्टमनचं बिनसलं आणि तो उघडपणे साहेबांकडे गेला. गेल्या खेपेला अकरा उरली होती. मोजणीच्या वेळी केंद्राचा आकडा वाचला जाई आणि दर वेळी तो वहीशी तंतोतंत जुळे. हरणाऱ्यालाही मिरवायला काहीतरी लागतं. एजंट आपली वही मिरवी.

वहीत पहिलं नाव त्याचं होतं, दुसरं बायकोचं.

बायको मागच्या हिवाळ्यात गेली. निवडणूक लागली तेव्हा त्याने तिच्या नावावर रेघ मारली. पट्टी धरून, सरळ मारली. खाली आकडा लिहिला, दहा. आणि मनाशी ठरवलं, बस, ही शेवटची.

गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते. बाकावरून उठताना भिंत धरावी लागे. मुलगी दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स होती. तिचं एकच पालुपद, "बाबा, पुरे आता. माझ्याकडे या, ऑपरेशन करून घेऊ." पण खरं कारण गुडघे नव्हते. एवढी वर्षं उन्हातान्हात फिरून एक, फक्त एक नवं माणूस आपल्या बाजूला आलं नाही. नुसती गळती. दहाचे नऊ होताना बघायला कशाला बसायचं? या विचाराने तो आतून शिणला होता. पक्षाचं कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना त्याने सांगून टाकलं, "निकाल लागला की यादीतून माझं नाव काढा."

मोजणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने त्यांच्या केंद्राचे आकडे वाचले. साहेबांची सून, सहाशे त्र्याण्णव. दुसरीकडे, अकरा.

"परत वाचता का?" एजंटने विचारलं.

"अकरा."

"दहा पाहिजेत."

साहेबांच्या बाजूने बसलेला किराणा दुकानदार खो खो हसला. "अहो एजंट, एक मत जास्त मिळालं म्हणून तक्रार करणारा पहिलाच माणूस बघतोय मी!"

एजंटला हसू आलं नाही. त्याचे कान गरम झाले होते. कुणीतरी आलं होतं! घरी पोचेपर्यंत त्याने दोनदा वाटेत थांबून बोटांवर मोजलं. मुलगी सामान बांधायला रजा काढून आली होती, तिला त्याने दारातूनच सांगितलं, "एक फुटलं! अगं, एक फुटलं त्यांच्यातलं!"

पुढचे दोन दिवस त्याचा नुसता शोध चालला. स्वतःला सोडून वहीतल्या नऊही जणांकडे तो जाऊन आला. नऊही जणांनी शपथेवर सांगितलं, आम्ही दिलंय. म्हणजे अकरावं नवंच. मग तो गल्लीतल्या माणसांच्या तोंडाकडे निरखून बघू लागला. शिंपीण नेहमीपेक्षा जास्त हसली का? दुधवाल्याने मुद्दाम हाक मारली का? जिने चढून चढून गुडघे सुजले, पण गडी थांबेना. तिसऱ्या दिवशी त्याने कार्यालयातल्या बाईंना निरोप धाडला, नाव काढू नका. त्यांनी तत्परतेने पुढच्या निवडणुकीला प्रतिनिधी म्हणून बसायचा अर्ज पाठवून दिला.

दुपारी तो दुकानामागच्या खोलीत अर्ज घेऊन बसला, तेव्हा मुलगी समोर येऊन बसली. तिने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"बाबा, सही करू नका. नवं कुणी आलेलं नाही."

"तुला काय कळतं त्यातलं? दहा नावं, अकरा मतं."

"आईचं मत तुम्हाला कधीच नव्हतं."

एजंटने पेन खाली ठेवलं.

"मी जन्मले त्या दिवशी तुम्ही प्रचाराला गेला होता," मुलगी म्हणाली. "आई अडली होती. तिला दवाखान्यात साहेबांच्या गाडीने नेलं."

"शेजारच्याच्या टेम्पोतून नेलं."

"टेम्पो तुम्हाला सांगायला. साहेब स्वतः पुढच्या सीटवर होते. ती म्हणायची, त्या दिवशी तुम्ही नव्हता, ते होते. म्हणून दर वेळी तिकडे दिलं. दवाखान्यात शेवटी शेवटी तिने मला सांगितलं. मी तुम्हाला सांगणार नव्हते."

एजंट एकदम उसळला. "सगळा भाग तिकडे, ते मी सोसलं! पण माझ्या घरात? मतदानाच्या दिवशी डबा भरून द्यायची मला, आणि केंद्रावर माझ्यासमोरून जाऊन..." डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

थोड्या वेळाने त्याने वही ओढली. सवयच ती. नावांवरून बोट फिरवलं आणि थबकला.

"ती नव्हती, तर मग सातही वेळा माझा आकडा जुळला कसा?"

"तेच कोडं आईला होतं," मुलगी म्हणाली. "ती म्हणायची, कुणीतरी आहे. दर वेळी माझी जागा भरून काढतं. नसतं तर पहिल्याच खेपेला मी सापडले असते. कोण आहे कळलं तर घरी बोलवून जेवू घालीन म्हणायची. पण विचारणार कुणाला? विचारलं की तीच उघडी पडणार."

बाहेर कुणीतरी फ्रेम न्यायला आलं होतं, दोन हाका मारून गेलं. एजंट जागचा हलला नाही. यंदाचं अकरावं मत त्याचंच. सात निवडणुका आणि ही आठवी. याच गल्लीतलं माणूस. कदाचित दुकानात येऊन साहेबांचा फोटोही फ्रेम करून नेला असेल त्याने. एका शब्दाने कधी बोललं नाही.

"म्हणून म्हणते, आता थांबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "नवं कुणी आलं नाही, बाबा. हा भाग नाही बदलायचा."

"नाही बदलायचा," एजंट म्हणाला. तो फार थकलेला दिसत होता. त्याने अर्ज पुढे ओढून सही केली.

"बाबा!"

"अगं, ते माणूस पुढच्या वेळी मत द्यायला येईल. बाकावर आपलं कुणी दिसलं नाही, तर त्याला वाटेल, आपण एकटेच उरलो."