पाच लाल दिवे आणि व्याह्यांचं विमान

तुम्ही हसणार आहात हे धरूनच सांगतो. मीही हसलो असतो, पण गाडी माझी होती आणि तिच्यात बसलेले व्याहीही माझेच.

माझी सगळी हयात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. डॉक्टरेटही आहे. त्याचा परिणाम असा, की साध्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. वडिलांची जुनी गाडी मी अजून चालवतो. तिच्या डॅशबोर्डवर ऑइलचा एक इवलासा दिवा होता. बिघाड झाला की तो लागायचा. एके दिवशी मनात आलं, हा बल्बच उडालेला असेल तर? ऑइल संपेल, दिवा लागणार नाही आणि मी खुशाल चालवत राहीन. झोप उडाली हो माझी.

मग मी डोकं लढवलं. सगळं ठीक असेल तर दिवा चालू, बिघडलं तर बंद. बल्ब उडाला तरी कळणारच. ऑइल, चार्जिंग, इंजिनची उष्णता, ब्रेक आणि पेट्रोल, असे पाच दिवे बसवायचे ठरवले. जुन्या डॅशबोर्डला शोभतील असे लाल काचेचेच मिळाले.

वायरिंगचं काम गॅरेजवाल्या सलीमभाईंकडे.

"सर, लाल बत्ती जली तो आदमी गाडी रोकता. आपकी जली तो चलाना?"

"हो."

"और बुझी तो?"

"थांबायचं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "आप पढे-लिखे हो सर. कुछ सोचकेच बोलते होंगे."

सोचलं होतं, हीच तर अडचण.

त्याच आठवड्यात आप्पासाहेब, म्हणजे मुलीचे सासरे, राहायला आले होते. परतीचं विमान चिकलठाण्याहून दुपारचं. मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, टॅक्सी करा." पण मला व्याह्यांना गाडी दाखवायची होती ना!

निघालो. समोर पाच लाल डोळे. आप्पासाहेबांनी दाराची कडी घट्ट धरली.

"सर, हे सगळं लाल दिसतंय."

"लाल म्हणजे उत्तम."



जालना रोडवर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि उष्णतेचा दिवा विझला. मी ताबडतोब गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं नुसती किल्ली फिरवून पाहिलं, तर ऑइल आणि चार्जिंगचे दिवेही विझलेले. पाचात तीन बिघाड.

"काय झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"इंजिन गेलं बहुतेक."

"आणि विमान?"

"तेही बहुतेक."

तेवढ्यात मागं टोमॅटोचा एक टेम्पो थांबला. पाचोडचा ड्रायव्हर खाली उतरला. "काय झालं काका?"

मी त्याला माझी पद्धत सविस्तर समजावून सांगितली. कारणांसकट. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी विझला की बिघाड. आन् आता इंजिन बंद हाय का चालू?"

"बंद."

"मग ऑइलचं प्रेशर कुठून येणार काका? चार्जिंग तरी कुठून व्हायचं?"

हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत विचारला असता, आणि चुकणाऱ्याला नापास केलं असतं.

मग त्यानं उष्णतेच्या दिव्यावर टिचकी मारली. दिवा लागला. "बल्ब ढिल्ला झालता. गाडीला काय बी झालेलं नाय. करा चालू."

मी गाडी चालू केली. पाचही दिवे लालभडक! माझा जीव भांड्यात पडला. "बसा आप्पासाहेब, सगळं उत्तम आहे," म्हणत वळलो, तर शेजारची सीट रिकामी. आप्पासाहेब मांडीवर बॅग घेऊन टेम्पोत बसलेले.

"राग मानू नका सर," ते तिथूनच म्हणाले, "पण यांच्याकडं एकही दिवा लागत नाही."

टेम्पो पुढं, मी मागं, अशी आमची वरात विमानतळावर पोचली. विमान मिळालं.

परवा त्यांचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.

"मी येतो न्यायला," मी घाईघाईनं म्हणालो.

"छे, तुम्ही कशाला दगदग करता? त्या टेम्पोवाल्याला मी सांगून ठेवलंय," आप्पासाहेब म्हणाले. मग जरा थांबून, अगदी मायेनं, "आणि सर, तुम्हालाही कधी वेळेवर पोचायचं असलं तर सांगा. पुढं दोघांची जागा असते."