जवाचा चहा

कंपनीतल्या पाळ्या बदलून बदलून माझी झोप पार उडाली, तेव्हा सिल्वासाच्या डॉक्टरने आधी चहा सोडायला सांगितलं. मग मुलीने 'जवाचा चहा' म्हणून एक डबा आणून दिला. त्यात भाजलेले जव आणि सुकवलेल्या आंबट बेरी होत्या. चहाची पत्तीच नाही तर याला चहा का म्हणायचं, म्हणून मी तिच्यावर उखडलोच.

बायकोने तो नेहमीसारखा आलं, साखर आणि भरपूर दूध घालून उकळला. आंबटपणाने दूध फाटलं. दुसऱ्यांदा तिने नुसत्या पाण्यात केला. नरोलीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून मी तो प्यायलो. आधी करपलेल्या भाकरीची चव आली, मागून आंबट. तरतरी काही येईना. इतकी वर्षं राखोलीच्या कंपनीत मला चहानेच उभं ठेवलं होतं, हे तेव्हा कळलं. मी जरा भिंतीला टेकलो.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दुपारपाळीची बस हॉर्न वाजवून कधीच निघून गेली होती.

"उठवलं का नाहीस?" मी बायकोवर ओरडलो.

कप विसळत ती म्हणाली, "डॉक्टरकडे झोपच मागायला गेला होतात ना?"