खिंडीवरून मागे

आमच्या खोऱ्यात फोनला रेंज मिळते ती एकाच जागी, दुल्माच्या गेरमागच्या, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूमागच्या टेकाडावर. त्यामुळे वादळाचा इशारा आला की तो आधी तिच्या कानावर पडायचा, आणि तिच्या मोटारसायकलवर बसून बाकीच्या सात घरांना जायचा. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. पूर्वी तिची सासू घोड्यावरून करायची. सासू गेली आणि ते दुल्माकडे आलं. अठरा वर्षं तिनं ते बिनबोभाट केलं. पन्नाशीची, ठेंगणी, मोजकं बोलणारी बाई. कामाला वाघ, पण कुणी हसलं की तिला लागायचं, आणि लागलेलं लवकर निघायचं नाही.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी तिचा एक इशारा फुसका निघाला. सगळ्यांनी दोन दिवस मेंढ्या कोंडल्या, राखून ठेवलेलं गवत घातलं, आणि आभाळातून चार कण पडले. पुढे एका लग्नात खिंडीपलीकडचा म्हातारा गोम्बोसुरेन भर पंगतीत म्हणाला, "काय गं दुल्मे, तुझं वादळ वाटेत कुणाकडे जेवायला थांबलं होतं का?" सगळे हसले. तिचा नवरा रावदानही हसला. दुल्मासुद्धा हसली, पण हातातला घास तिनं तसाच ताटात ठेवला.

नव्या वर्षाचा सण दोन दिवसांवर होता. दुल्मा कणकेत खिमा भरून उकडायचे बूझ वळून बाहेर फळीवर गोठवायला मांडत होती, तेवढ्यात टेकाडावर टांगून ठेवलेला फोन वाजला. आज संध्याकाळपासून, या वेळी मोठं आहे, असं तालुक्याहून सांगत होते. रावदान मेंढ्या परत वळवायला गेला आणि ती मोटारसायकल काढून निघाली.

सहा घरं तिनं दुपारपर्यंत उरकली. जिथं गेली तिथं तिचं बोलणं ऐकून कुणी बसून राहिलं नाही. कुणी गेरवरच्या दोरांना नवे पीळ दिले, छताच्या कड्याला बांधलेला दोर आत ओढून त्याला मोठा धोंडा लटकवला. नदीवरचा बर्फ फोडून त्याचे तुकडे पोत्यांत भरले गेले, सुक्या शेणाच्या राशी दाराशी आल्या, गाभण गाईंच्या पाठीवर नमदे बांधले गेले. दारापासून मेंढवाड्यापर्यंत एक दोर ताणायचा, म्हणजे वादळात माणूस हातानं चाचपत जाऊन येऊ शकतो. तो नीट बांधलाय का, हे ती स्वतः ओढून बघायची. "ताई, चहा तरी घे," म्हणणाऱ्यांना तिनं हातानंच नको म्हटलं.

खिंडीत ती पोचली तेव्हा लख्ख ऊन होतं. वारा नव्हता. गोम्बोसुरेनची गेर तिथून खाली, जाऊन यायला दोन तास. त्याच्या रेडिओवर डोंगरामुळे नुसती खरखर यायची, हे तिला ठाऊक होतं. ती गाडी बंद करून उभी राहिली. घरी निम्मे बूझ वळायचे होते. आणि मनात ती पंगत आली, ते हसणं आलं. आभाळ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं ना, मग कळू दे, असं ती स्वतःशी पुटपुटली आणि गाडी वळवली.

वादळ दोन दिवस घोंघावत होतं. पहिल्या तासाभरातच दुल्माला कळलं, की आपण काय केलं. रावदान दोर धरून वाड्याकडे जाऊन यायचा आणि म्हणायचा, "बरं झालं, सगळ्यांना वेळेत सांगितलंस." ती चुलीत शेण घालत राहायची.

तिसऱ्या दिवशी खिंड मोकळी झाली आणि बातमी आली. गोम्बोसुरेनचा कळप वाड्याबाहेर होता. वाऱ्यानं मेंढ्या पुढे पुढे लोटल्या, म्हातारा त्यांच्यामागे गेला आणि एका घळीत त्यांच्यातच अंग मुडपून पडून राहिला. म्हणून जगला. दीडशेवर मेंढ्या मेल्या. इस्पितळात त्याच्या डाव्या पायाची सगळी बोटं काढावी लागली.

मेलेल्या मेंढ्यांची कातडी सोलायला सारं खोरं जमलं. कुणीतरी विचारलं, तेव्हा दुल्मा बोलून गेली, "खिंडीपर्यंत गेले होते. वारा सुटला, म्हणून मागे फिरले." कुणी शंका घेतली नाही. म्हाताऱ्याची बायको बदामखंड तर तिचा हात धरून म्हणाली, "बरं केलंस बाई. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?"

त्यानंतर दुल्माला जेवण गोड लागेना. महिन्याभरानं म्हातारा घरी आला, तेव्हा ती भेटायला गेली. बदामखंड दूध काढायला बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "गोम्बोदादा, त्या दिवशी वारा नव्हता."

"कधी?"

"मी खिंडीत होते तेव्हा. ऊन होतं. लग्नात तुम्ही हसलात, त्याचा राग होता. म्हणून आले नाही."

 म्हाताऱ्यानं विचारलं, "ऊन होतं? म्हणजे दोन तास मिळाले असते."

"जास्तच मिळाले असते."

"मी काय म्हणालो होतो लग्नात?" त्याला खरंच आठवत नव्हतं. तिनं सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "बदामला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. "ती तुझ्याकडून पाण्याचा घोटही घेणार नाही, आणि आता आम्हांला तुमची गरज लागणार." मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "जा आता."

वसंतात त्यांनी गेर हलवली. एवढ्याशा कळपासाठी खिंडीपलीकडे राहणं म्हाताऱ्याला झेपण्यासारखं नव्हतं. रावदाननंच आग्रहानं त्यांना जवळ आणलं, दुल्माच्या दारातून दिसेल इतक्या जवळ. आता रोज सकाळी दार उघडलं की तिला तो काठी टेकत वाड्याकडे निघालेला दिसतो. ती त्यांचं पाणी आणते, शेण रचून देते. बदामखंड येईल जाईल त्याला सांगते की सख्खी लेक करणार नाही इतकं दुल्मा करते. तेव्हा म्हातारा वाटीतला चहा फुंकत बसतो आणि दुल्मा रिकाम्या बादल्या उचलून बाहेर पडते.