अनुमानाची जागा कोरी सोडू नये

आमच्या लॅबच्या कपाटात फुटक्या परीक्षानळ्या साठत जातात. कामाच्या नाहीत, पण टाकून द्यायला जिवावर येतं. हे किस्से तसेच साठलेत. सांगितले तर लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या, तुम्ही असं बोलता?" न सांगावं तर पोटात राहत नाहीत. मंग सांगून टाकते!

मी मूळची अंबडची. टेंभुर्णीजवळच्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. स्वभाव तापट. पोरं माघारी मला 'कुकर' म्हणतात, मला सगळं माहितीये. आमची लॅब म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि शिपाई रंगनाथमामा.

प्रॅक्टिकलच्या वहीबाबत माझा एकच नियम. जे दिसलं ते निरीक्षणात लिहायचं, त्यातून जे कळलं ते अनुमानात. अनुमानाची जागा कोरी असली की मी सही करत नाही म्हणजे नाही. मुख्याध्यापकांच्या सख्ख्या पुतण्याची वही मी परत भिरकावली होती. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला दोन दिवस फार शांत गेले.

*

गुरुत्वाकर्षण शिकवत होते. विचारलं, "वस्तू खालीच का पडते?"

शेवटच्या बाकावरचा ज्ञानेश्वर उठला. "वरून कुणी ओढत न्हाई म्हणून, मॅडम. माझ्या आज्याला वरून ओढलं, तर तो वरच गेला की!"

वर्ग खो खो हसला. मी ओरडले, "बस खाली!"

"बसतो की मॅडम. गुरुत्वाकर्षण हाये!"

हा किस्सा हसायचा होता. यापुढचे तसे नाहीत.

*

साठ अंशात दोन आरसे उभे केले, मध्ये एक मेणबत्ती लावली, तर पाच प्रतिमा दिसतात. पुस्तकात सूत्र आहे. ते गणित आहे, त्यात मतदान नसतं!

खिडक्या लावून घेतल्या. पोरांचे सहा गट केले. थोड्या वेळाने वह्या बघते तर सगळ्यांनी लिहिलेलं, सहा.

"नकला करता होय रे?" मी एकेकाला धरलं. स्वतः वाकून मोजल्या. पाचच होत्या. "कुठंय सहावी? दाखवा मला!"

तेवढ्यात सारिकाने आपली वही पुढे सरकवली. सारिका म्हणजे महादूची पोरगी, मेंढपाळाच्या घरची, वर्गात सगळ्यात हुशार. आदल्या वर्षी तिची आई वारली आणि तेव्हापासून पोरगी एक अक्षर बोलली नव्हती. डॉक्टरांना दाखवून झालं, देवाला कौल लावून झाला. काही विचारलं की लिहून द्यायची.

तिने लिहिलं होतं, "सहावी विझलेली आहे, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

मी लाल पेनाने काट मारली. पण मोजायला परत वाकले नाही, हे खरं आहे. तेव्हापासून हा प्रयोग मी खिडक्या उघड्या ठेवून घेते.

*

पुढचा किस्सा विजेचा. प्रत्येक गटाला वायर, बल्ब, स्विच दिलं आणि परिपथ जोडायला सांगितला. पहिला बल्ब पेटला तो मुलींच्या गटाचा. मी खूश. "शाब्बास! या इकडं सगळे, बघा, जोडणी कशी व्यवस्थित केलीये!"

सगळे जमले. ज्ञानेश्वरने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सेल कुठंय?"

सेलची जागा रिकामी होती. मी त्या पोरींकडे बघितलं.

"तुम्ही दिलाच न्हाई मॅडम," एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली. "मंग आम्ही तसंच जोडलं!"

मी बल्बला हात लावला. चांगला गरम होता. माझा हात लागला आणि तो विझला.

*

विहिरीचं तर विचारूच नका.

शाळेमागे जुनी विहीर आहे, वर पक्की लोखंडी जाळी. जाळीतून दगड सोडायचा, स्टॉपवॉच लावायचं, आवाज आला की थांबवायचं. मंग वेळेवरून खोली काढायची. पोरांना हा प्रयोग फार आवडतो.

पहिला दगड सोडला. दीड सेकंद, डुबुक! दुसरा सोडला. दीड सेकंद, डुबुक! तिसरा सोडला. स्टॉपवॉच ज्ञानेश्वरकडे होतं. आम्ही सगळे कान देऊन उभे. पाखराचाही आवाज नाही. उभे राहून राहून तास संपल्याची घंटा झाली.

"कुठंतरी कपारीत अडकला असेल," मी म्हटलं. "चला, वर्गात चला!"

आठवड्याने कपाट उघडलं तर स्टॉपवॉच चालूच होतं. मी ज्ञानेश्वरला बोलावून झापलं.

"तुम्हीच म्हणल्या ना मॅडम, आवाज आला की बंद कर! आवाज आलाच न्हाई."

मी बटण दाबायला गेले तर रंगनाथमामांनी माझा हात धरला. चौदा वर्षांत त्या माणसाने कधी माझ्यापुढे आवाज चढवला नाही. "राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "पडू द्या आधी त्याला."

मी नवीन स्टॉपवॉच मागवलं.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

एका शुक्रवारी महादू शाळेत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, उद्या सकाळी कळप घेऊन घाटाखाली निघतोय. पोरीला संगं नेतो."

"दहावीचं वर्ष आहे तिचं! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तोंडी परीक्षेला तोंडच उघडत न्हाई, तर पास कशी होईल ती?" तो शांतपणे म्हणाला. "मेंढरांला बोलावं लागत न्हाई, मॅडम."

काठीवर रेलून तोच पुढे म्हणाला, "शाळा सुटली की हिची माय रानातून हाक मारायची. सारेऽऽ, ए सारेऽऽ! दोनदा. ही वाटेवरनं ओ द्यायची. हिची शाळा बुडू नये म्हणून हिला आज्यापाशी ठेवून आम्ही घाटाखाली गेल्तो. माय तिकडंच तापानं गेली. शेवटी हिच्याच नावानं हाका मारीत होती. पण तिथून इथं कसं ऐकू येणार? ते कळलं तवापासून पोरगी बंद."

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी ओरडते. "शाळा सुटेपर्यंत ती माझी आहे! मंग न्या कुठं न्यायची ती!"

त्या दिवशी प्रतिध्वनीचा प्रयोग होता. गावाबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची उंच भिंत आहे. तिथून पन्नास मीटरवर फक्कीची रेघ ओढली. रेघेवरून ओरडायचं, भिंतीवरून आवाज परत येतो. ध्वनी आधी, प्रतिध्वनी नंतर. महादूही मागे बाभळीखाली येऊन थांबला.

ज्ञानेश्वर ओरडला, "होमवर्क देऊ नकाऽऽ!" भिंत म्हणाली, "देऊ नकाऽऽ!" सगळे हसले, मीही हसले.

शेवटी सारिकाचा नंबर आला. "तू नुसती टाळी वाजव, बाळा," मी म्हटलं.

तिने टाळी वाजवली नाही. रेघेवर उभी राहिली आणि तोंड उघडलं. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. बिलकुल नाही. श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

भिंतीवरून हाक आली. "सारेऽऽ!"

बाईमाणसाचा आवाज, जरा घोगरा, रानात ओरडून ओरडून बसलेला. पोरं जागच्या जागी थिजली. रंगनाथमामांनी डोक्यावरची टोपी काढली. मागे महादूच्या हातातली काठी खाली पडली.

"ए सारेऽऽ!"

"ओऽऽ!" सारिका ओरडली. "आले गं मायऽऽ!"

एवढा मोठा आवाज त्या पोरीच्या गळ्यात होता! सवयीने माझं बोट स्टॉपवॉचवर पडलं. मी थांबले. पाच सेकंद, दहा सेकंद. तिच्या ओरडण्याचा प्रतिध्वनी काही आला नाही. भिंतीने तो ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी महादूने कळप काढला. एकट्यानेच. सारिका पहिल्या बाकावर बसली होती आणि शेजारणीशी बोलून बोलून माझं डोकं खात होती. मी तिला ओरडले नाही.

सोमवारी वह्या तपासायला आल्या. सारिकाने निरीक्षणात लिहिलं होतं, "आधी प्रतिध्वनी आला. ध्वनी नंतर गेला."

अनुमानाची जागा कोरी होती.

मी सही केली.