गाडी बंद न करणारे काका

कांदिवलीत मी चालवते ती शाळेची व्हॅन दुरुस्त करणारे काका पूर्वी सैन्यात मेकॅनिक होते. काम झालं की ते चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. दुपारच्या उन्हात इंजिन गुणगुणत असतं, पिंपळाची सावली हलत असते आणि काका कुठेतरी लांब गेलेले असतात.

एकदा मी वैतागले. "काका, डिझेल काय फुकट येतं? बंद करा ना."

"तुम्ही करा, ताई. मी नाही करत."

"का, हात दुखतो?"

ते हसले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बर्फात गाड्या चालूच ठेवायच्या असतात. लढाईत डिझेल वाचवायला मी एक ट्रक बंद केला. पुन्हा सुरूच झाला नाही. मागे जखमी पोरं होती."

हळहळत बसणं मला जमत नाही. मी आत हात घालून चावी फिरवली. एकदम शांत झालं. काकांचा हात बॉनेटवर तसाच होता.

"आता सुरू करा," ते हळूच म्हणाले.

व्हॅन लगेच सुरू झाली. तेव्हा कुठे त्यांनी हात काढला आणि मला वाट दिली.